कोंबड्यांना आग्रह

सूर्यभान म्हणजे देवळालीतला एक नंबरचा खोडकर गडी. पन्नाशी ओलांडली तरी पाहुण्यांच्या सायकलीची हवा सोडायचा. पण बायको रंगुबाई वारली, पाहुणे आटले, आणि हवा सोडायला दारात सायकलच उरली नाही.

रंगुबाईच्या हातचं खाताना पोट भरलं तरी एक भाकरी जादाच घ्यावी लागायची. तो आग्रह आता सूर्यभान शेडमधल्या कोंबड्यांना करायचा. "खा गं, लाजू नको," म्हणत खाद्यात मुठी मुठीनं सुकट अन् शेंगदाण्याची पेंड टाकायचा. कोंबड्या खायच्या, घटाघटा पाणी प्यायच्या अन् पांढरी पातळ घाण टाकायच्या. शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलंगच्च झालं. डोळे चुरचुरतील असा वास सुटला.

रोज जेवायला येणारा एकच दोस्त उरला होता, सहादेव. तोही नाकाला उपरणं लावून म्हणाला, "सूर्या, हितं घास उतरंना रे." अन् यायचा बंद झाला.

मग एक कोंबडी मेली. डॉक्टरांनी ती उघडून दाखवली. काळजावर चुन्यासारखा पांढरा थर.

"काय घालता?"

"सुकट. लई आवडती त्यांना."

"अंगाला लागतं तेवढंच लागतं. वरचं प्रथिन कोंबडीला साठवता येत नाही. शरीर ते मोडतं, त्यातून हे पांढरं निघतं. मूत्रपिंडाला पेललं नाही की असं आत साठतं. अन् बाहेर पडलेलं ओल्या तुसात कुजतं, त्याचा हा वास."

सूर्यभाननं सुकट अन् पेंड बंद केली, तूस बदललं. वास गेला. पण गेला हे सहादेवाला कोण सांगणार? "ये" म्हणायला जीभ रेटेना. मग गड्यानं एका अंड्याला नीळ फासली अन् चहाच्या टपरीवर पुडी सोडली, "माझ्या कोंबडीनं निळं अंडं घातलं."

सांजेला सहादेव हजर. थुंकी लावून अंड्यावर अंगठा घासला. "भामट्या! …अन् वास कुठं गेला रे?"

"बस की."

पिठलं-भाकरी झाली. दुसरी भाकरी झाली. तिसरीला सहादेवानं ताटावर हात आडवा धरला. "बास."

रंगुबाईनं हाताखालून सरकवली असती. सूर्यभाननं भाकरी दुरडीत परत ठेवली.

जाताना सहादेवानं अंडं खिशात टाकलं. "घरी दाखवतो. उद्या आनून देतो."

अंधारात शेड कुरकुरत होती. अंडं कधी कोण परत आणून देतं? तरी सूर्यभाननं पिठाचा डबा उघडून बघितला. दोघांपुरतं होतं.