‘औषधखिडकी’ नावाची जोडणी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ‘औषधखिडकी’ नावाची जोडणी रुग्णालयाच्या डेटाबेसला लागली आणि अकरा सेकंदांनी सुटली. तेवढ्यात वॉर्डातल्या एका बाईंचा पोटॅशियमचा नवा अहवाल पुसला गेला. तो आकडा घातक होता. उरला तो सकाळचा, ठीकठाक. डॉक्टरांनी उरलेला पाहिला. संध्याकाळी बाई गेल्या.

आमच्या रुग्णालयात सगळे प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवरून, एकाच पासवर्डने आत शिरतात. कोण आलं हे कळतं ते फक्त त्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये, जोडणीच्या ओळीत लिहिलेल्या नावावरून. डेटाबेस मी सांभाळते, म्हणून शोध मलाच घ्यायला सांगितला. मी नोंदी काढल्या आणि नाव लिहून दिलं. ‘औषधखिडकी’ हा काकांचा प्रोग्रॅम; आमच्या संगणक विभागातले सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचे काका. औषध विभागासाठी त्यांनी एकट्याने लिहिलेला. निवृत्तीला चार महिने असताना काकांना घरी बसवलं, प्रोग्रॅमही बंद केला.

दुसऱ्या दिवशी दोन दहाला ‘औषधखिडकी’ पुन्हा लागली.

मी माझी एक जुनी फाइल उघडली. प्रयोगशाळेत चुकून दोनदा भरलेले अहवाल रोज दुपारी दोन दहाला आपोआप काढून टाकणारा छोटा प्रोग्रॅम. त्यातली जोडणीची ओळ मी दोन वर्षांपूर्वी काकांच्या प्रोग्रॅममधून उचलून चिकटवली होती. चालली, म्हणून पुढे गेले; नाव बदलायचं राहिलं. एका रुग्णाची एकच तपासणी तासाभरात दोनदा भरली गेली तर पहिली ठेवायची, हा नियमही माझाच. त्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे सकाळचा अहवालसुद्धा दुपारीच, नव्याच्या जरा आधी भरला गेला होता; म्हणून माझ्या प्रोग्रॅमने नवा अहवाल दुबार समजून पुसला.

मी प्रोग्रॅम थांबवला. कुणाला काही बोलले नाही. त्याला आज एकोणीस दिवस झाले.

आज चौकशी होती. काका अधीक्षकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर एक कागद.

“अगं, किती वाळलीस! जेवतेस की नाही?”

“कागद कसला, काका?”

“कबुली. लिहून दिलं तर प्रकरण इथेच मिटवतील म्हणे.”

“पण तुम्ही केलंय का?”

“नाव तर माझंच निघालं ना? अकरा सेकंदांत मला माझा चष्मा सापडत नाही, आणि इथे...” ते हसले. मग आवाज उतरला. “रोज कोड वाचतोय गं. ओळ न् ओळ. कुठे काही दिसत नाही. म्हणजे डोकंच गेलं असणार. तुझ्या काकूला सांगितलंय, मला गॅससुद्धा पेटवू देत जाऊ नकोस.”

मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात आत बोलावलं.

अधीक्षकांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “नोंदी तुम्हीच काढल्यात ना? काही शंका?”

“तिला काय विचारता साहेब,” काका म्हणाले, “पोरगी भारी काटेकोर आहे. तिने काढलंय म्हणजे बरोबरच असणार.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद जवळ ओढला आणि सहीची जागा बोटाने शोधू लागले.

“सही करू नका, काका,” मी म्हणाले. “तो प्रोग्रॅम माझा होता. अहवाल मी पुसलाय.”