नावाच्या जागी भोक

मी वरकुट्याच्या चौकातला फ्लेक्स बोलतोय. मला तोंडं पुष्कळ आहेत, पण त्यातलं एकही माझं नाही. वर एका जवानाचं तोंड, आणि खाली दोन रांगांत शोक करणाऱ्यांची. शोक करणाऱ्यांतले तिघे हसतायत. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडं दुसरा फोटोच नव्हता. वाढदिवसाचा होता तोच त्यांनी पाठवला.

आमची जात कशी, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवणार नाही. दगडाचं स्मारक पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. आम्ही फार तर पुढच्या वाढदिवसापर्यंत. मग कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर, नाहीतर मोटारसायकलच्या सीटवर. माझा एक भाऊबंद बावडा गावात रसवंतीला सावली देतो आणि त्यावरचे पुढारी दिवसभर उलटे लटकतात.

माझा जन्म इंदापुरात, एका दुकानातल्या मशीनवर झाला. एकाच रोलवर माझ्या आधी 'मटण थाळी' निघाली आणि माझ्यामागून एका शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस. मधे मी. 'वीर जवान मल्हार तात्याबा बरकडे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' सीमेवर लढाई पेटली होती. चौकीवर तोफगोळा पडला आणि हा जवान गेला. दुकानातल्या पोरानं त्याचा चेहरा गोरा केला. तो सगळ्यांचाच करतो. बैलाचाही केला असता, पण बैल मुळातच पांढरा होता.

चौकात दोन बांबूंवर मला ताणलं, तेव्हा मी फुगलो होतो. वाटलं, आपल्या वाट्याला शहीद आला. त्याच सकाळी जवानाच्या आईला, सारजाबाईंना, बायकांनी धरून माझ्यासमोर आणलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"ह्यो कोन गोरा?"

"मावशे, तुजाच ल्योक की."

"नाव काय लिव्हलंय?"

"मल्हार."

"मल्हार तर ह्यो माझ्या शेजारी उभा हाय!" असं म्हणून त्यांनी बाजूच्या तरण्या पोराचा दंड धरला.

मला वाटलं, दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. मी काय, अंगावर छापलंय तेच खरं मानणारा.

खरी गोष्ट मला माझ्या सावलीला बसणाऱ्या म्हाताऱ्यांकडून कळली. चौकात टांगल्याचा तेवढा एक फायदा, सगळं ऐकू येतं.

बरकड्यांची मेंढरं होती. तात्याबांना दोन पोरं, थोरला बिरा आणि धाकटा मल्हार. बिरा लहानपणापासून बापाबरोबर मेंढरांमागं रानोरान हिंडला, म्हणून त्याचं नाव शाळेत कधी घातलंच नाही. धाकट्याचं घातलं. पण धाकटा पहिल्याच आठवड्यात खिडकीतून उडी मारून मेंढरांत पळाला. दोघा भावांनी आपसांत सौदा केला. "दादा, माज्या नावानं तू बस. मला तुजी काठी दे." गुरुजी हाक मारायचे 'मल्हार बरकडे', आणि बिरा उठून 'हजर' म्हणायचा. गुरुजींना कळलं तेव्हा पोरगं बेरजा-वजाबाक्या करत होतं. ते म्हणाले, "शिकतंय तर शिकू द्या." दहावीच्या दाखल्यावर तेच नाव आलं. सैन्यात भरती झाला तेही त्याच नावानं. कागदावर धाकटा झाला बिरा आणि थोरला मल्हार. सगळ्या गावाला माहीत होतं. सरकारला आणि मला सोडून.

दुपारी तिरंग्यातली पेटी आली. त्या क्षणापासून 'बिरा' हा शब्द गावानं गिळून टाकला. साहेब लोक आलेले, बंदुकांची सलामी व्हायची होती. कुणाच्या तोंडून भलतं नाव गेलं तर काय होईल याची धास्ती होती. घोषणा सुरू झाल्या. "मल्हार बरकडे!" "अमर रहे!"

सारजाबाई किंचाळल्या, "आरं, माझा मल्हार जित्ता हाय! जित्त्याला काय मारताय?"

मोबाइलवर बातम्या काढणारा एक पोरगा लगेच पुढं झाला. "ऐकलंत? वीरमाता म्हणतायत, माझा मुलगा जिवंत आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शेजारी मल्हार उभा होता. आपल्याच नावाच्या घोषणा ऐकत होता. त्याला रडताही येईना आणि ओरडताही येईना.

नंतरचे दिवस त्याला फार जड गेले. सांत्वनाला येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "मल्हार गेला, वाईट झालं." तो मान हलवायचा. एकदा माझ्या बांबूला टेकून तो वहिनीपुढं, प्रतिक्षापुढं, फुटला.

"वैनी, मानसं रडत्यात ती माज्या नावानं. दादासाठी कोन रडतंय? मी सांगनार समद्यास्नी. गेला त्यो बिरा हाय."

प्रतिक्षाच्या कडेवर तिची लेक सृष्टी झोपली होती. ती म्हणाली, "भावजी, सृष्टीच्या दाखल्यावर बापाचं नाव मल्हार हाय. माझ्या समद्या कागदावर तेच हाय. तुमी सांगाल वो. पर उद्या सायेबानं इचारलं, मल्हारची बायकू तू, आन् मल्हार तर ह्यो जित्ता, मग तू कोन? तर मी काय सांगू?"

मल्हार गप्प झाला. पण त्याचं गप्प होणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. हातात मेंढरांची लोकर कातरायची कात्री. बांबूला पाय लावून वर चढला आणि माझ्या पोटात कात्री घातली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आजवर माझ्याकडं एवढ्या जवळून कुणी पाहिलंच नव्हतं. आपलं नाव तेवढं त्याला ओळखता यायचं. बघता बघता त्यानं 'मल्हार तात्याबा बरकडे' एवढा पट्टा कापून खिशात कोंबला आणि निघून गेला. आता मी असा झालो: 'वीर जवान', मग भोक, मग 'यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. भोकातून पलीकडची पिठाची गिरणी दिसायची. गावात पहिल्यांदाच गिरणीला कुणी श्रद्धांजली वाहिली.

संध्याकाळी चौक पेटला. तालुक्याचे पुढारी विजयसिंह आले. खालच्या रांगेतला सगळ्यात मोठा फोटो त्यांचाच. जवानापेक्षा बोटभर मोठा. "शहिदाचा अपमान!" ते गरजले. "हे कुणी केलं ते सापडलंच पाहिजे!" हवालदारही आला. एका परगावच्या पोरावर संशय घेऊन कुणीतरी त्याची कॉलर धरली.

"त्याला सोडा," गर्दीतून मल्हार म्हणाला. "भोक मी पाडलंय."

विजयसिंह त्याच्याकडं बघतच राहिले. "सख्खा भाऊ असून? का रे?"

मल्हारनं तोंड उघडलं. पलीकडं गिरणीच्या पायरीवर प्रतिक्षा सृष्टीला घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. शब्द ओठावर आलेला मला दिसत होता. मी प्लॅस्टिकचा असूनही माझी शिवण उसवायची वेळ आली.

तेवढ्यात तात्याबा काठी टेकत पुढं आले. "वारं जायला पाडलं. फ्लेक्साला भोक न्हाय पाडलं तर वारं बांबूसकट घिऊन जातंय. तुमच्या पोरान्ला येवडं बी कळंना व्हय?"

"ते खरं हो आबा," विजयसिंह म्हणाले, "पण नेमकं नावावरच?"

"त्याला वाचता येतंय व्हय? शाळंच्या वाटंला गेला आसता तर जरा बाजूला पाडलं आसतं!"

एक म्हातारा फिसकन हसला. मग दुसरा. तो का शाळेत गेला नाही आणि त्याच्या जागी कोण गेलं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्या पेटीनंतर गाव पहिल्यांदाच हसलं, आणि हसता हसता कितीतरी जणांनी डोळे पुसले.

हवालदार कंटाळला होता. "चला, मिटलं. एक घोषणा द्या आन् मोकळं व्हा."

विजयसिंहांनी हात वर केला. त्यांची एक सवय मला ठाऊक होती. ते नाव नेहमी फ्लेक्सवर बघूनच घेतात, मग माणूस मेलेला असो की निवडून आलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वीर जवान..." पुढं गिरणी. "वीर जवान..." त्यांचा हात तसाच वर राहिला.

"बिरा!" मल्हार ओरडला.

"अमर रहे!" सगळं गाव एकदम बोललं. पेटीच्या दिवशी सुद्धा एवढा आवाज झाला नव्हता. बांबू थरथरले. पारावरचे म्हातारे काठ्या टाकून उभे राहिले.

हवालदारानं वळून विचारलं, "बिरा कोन?"

आपण काय करून बसलो हे मल्हारला आता कळलं. कुणी कुणाकडं बघेना.

प्रतिक्षा पायरीवरून खाली उतरली. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर तिनं चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "घरात त्यास्नी बिराच म्हनत हुते. बिरा."

हवालदारानं मान डोलावली. "व्हय का. मला बी घरात गुंड्या म्हनत्यात." आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली.

एवढंच होतं. सगळं गाव ज्या शब्दाला घाबरून श्वास कोंडून बसलं होतं, तो घरातलं नाव म्हणून निघून गेला. मल्हार मात्र तिथंच माझ्या बांबूखाली बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडला. "दादा" म्हणून रडला, "बिरादादा" म्हणून रडला. त्याला कुणी उठवलं नाही. आता त्याला हक्क होता.

पुढं त्या शर्यतीच्या बैलानं शर्यत जिंकली आणि चौकातली माझी जागा त्याला मिळाली. मी तक्रार करत नाही, बैल कर्तबगार आहे. मल्हारनं मला सोडवून घरी नेलं आणि कोकरांच्या खोपटावर बांधलं. विजयसिंहांच्या तोंडावर कोंबड्या बसतात. उन्हानं माझा रंग उडत चाललाय, आणि त्यातल्या त्यात बरं म्हणजे दुकानातल्या पोरानं फासलेला गोरेपणा आधी उडाला. आता जवान जरा त्याच्या आईसारखा दिसतो.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. कुणाचा फ्लेक्स छापायचा असेल तर कागद बघा, दाखला बघा, पण एकदा त्याच्या आईलाही विचारा की ती त्याला काय म्हणून हाक मारायची.

सारजाबाई रोज सकाळी शेळीची धार काढायला येतात. माझ्याकडं बघतात आणि म्हणतात, "बिरा, उठलास का रं?" मी हलतो. ते वाऱ्यानं असतं, माझं त्यात काही नाही. त्यांना मात्र तेवढं पुरतं.