ठकीचा करडा कोट

मी कोट बोलतोय. करडा, लोकरी, चांगला गुडघ्यापर्यंत पोचणारा. मी अंगावर असतो, त्यामुळे माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या छातीचे ठोके मला आधी कळतात. तोंड म्हणतं, "काही नाही, बरं आहे." आत मात्र धडधड चाललेली असते. ती माझ्यापासून लपत नाही.

माझा जन्म एका शिवणखान्यात झाला. माझा पहिला मालक नदीवरच्या बोटीत तिकिटं तपासायचा. त्याने मला जिवापाड जपून वापरलं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला एकदा घट्ट छातीशी धरलं आणि मग जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे मी धूळ खात लटकत होतो. लोक यायचे, माझं अस्तर चाचपायचे, नाक मुरडून पुढे जायचे.

मग एक दिवस ठकी आली. उंचीला बेताची, खांद्यांनी बारीक. मला अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःशीच हसली. "अगं बाई, मी कोट घातलाय की कोटानं मला घातलंय?"

तिची भाषा तेव्हा मला कळत नव्हती; शब्द नुसते लक्षात राहिले, अर्थ पुढे लागला. पण कॉलर कानाला लागूनच असते. रोज आत्याशी फोनवर चाललेल्या तिच्या गप्पा ऐकून ऐकून ती भाषा मला येऊ लागली. तिला घरी ठकी म्हणतात, हेही तिथेच कळलं.

ठकी परक्या देशात डॉक्टरेट करायला आली होती. विषय होता पुलांच्या लोखंडाला आतून लागणारा गंज. वरून रंग चकचकीत असतो आणि आत लोखंड पोखरलेलं असतं. हातात यंत्र घेऊन ती पुलाच्या कठड्याला बिलगून तासन्‌तास उभी राहायची. माझ्या बाह्यांवर तांबूस डाग पडले ते तेव्हाचे.

एका सकाळी तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाई बोलायच्या आधी चष्मा पुसत राहिल्या, तेव्हाच ठकीचे ठोके वाढले.

"आपल्या प्रकल्पाचा निधी या सत्रानंतर बंद होतोय," बाई म्हणाल्या. "मला तुला ठेवून घ्यायचंय गं, पण माझ्या हातात काही नाही. तुझं सरकार परदेशात शिकणाऱ्यांना मदत देतं ना? अर्ज कर."

मदत मिळाली नाही, तर काम अर्धवट टाकून परत जावं लागणार होतं. आणि नियमात बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय आड येणार होतं.

ठकीने कंबर कसली. दाखले गोळा केले, वकिलातीच्या रांगेत उभी राहिली, शिक्का पुसट उमटला म्हणून परत रांगेत उभी राहिली. मुलाखतीचं बोलावणं आलं. पण अर्जाला एक शेपूट होतं. शिक्षण संपलं की मायदेशी परतायचं असं लिहून द्यायचं, आणि त्यासाठी घरचे दोन जामीनदार हवेत, दोघेही सरकारी नोकरीतले. त्यांनी जातीनं कचेरीत जाऊन सही करायची.

एक जामीनदार होती आत्या, सरकारी शाळेतली शिक्षिका. दुसरे कोण?

दुसरे एकच होते. अण्णा. ठकीचे वडील, सरकारी बसचे ड्रायव्हर. लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर ठकीने ते लग्न मोडलं होतं आणि ती इकडे निघून आली होती. त्या दिवसापासून अण्णा तिच्याशी बोलले नव्हते. तिची आई कधीच गेलेली. मधे पूल म्हणून होती ती फक्त आत्या.

आत्यानेच फोन जोडून दिला. ठकी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होती. तिने माझ्या खिशात मूठ इतकी आवळली की शिवण करकरली.

"अण्णा, कसे आहात?"

"आत्यानं सांगितलंय सगळं. एकच विचारतो. शिकून झाल्यावर परत येणार आहेस का?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं! मी मनात म्हणत होतो, म्हण बाई, म्हणून टाक.

"माहीत नाही, अण्णा."

"मग कागदावर येईन म्हणून कसं लिहून देतेस? मी आजवर प्रवाशाला गाडी जाते म्हणून बसवून मधेच उतरवलं नाही. खोट्याला सही नाही करायचा मी."

फोन बंद झाला. ठकी बराच वेळ तिथेच उभी होती. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

शेजारच्या टेबलावर तिच्याच देशाचा एक सीनियर बसायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "एवढं काय मनावर घेतेस? निम्मे जण लिहून देतात आणि इथेच राहतात. आणि जामीनदार म्हणशील तर तिकडे सही करून देणारे मिळतात. नंबर देऊ?"

ठकीने नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला. दोन दिवस तो माझ्या खिशात पडून होता आणि तिची बोटं सारखी त्याच्याशी चाळा करत होती. तिसऱ्या दिवशी तिने तो फाडून टाकला. मला हायसं वाटलं आणि धास्तीही वाटली. आता पुढे काय?

मुलाखत व्हिडिओवर झाली. खोली उबदार होती, तरी ठकीने मला काढलं नाही. पडद्यावर तिघे जण होते. गंजाबद्दल विचारलं तेव्हा ती भडाभडा बोलली, तिच्या खांद्यांतला ताण उतरला. मग मधल्या साहेबांनी कागद चाळता चाळता विचारलं, "परत येण्याची अट मान्य आहे ना?"

"मान्य आहे. वाचूनच सही केलीय."

"सगळे हेच म्हणतात."

ठकीने खुर्ची पुढे ओढली. तिच्या छातीत नुसता घण पडत होता. "सर, अट मी पाळेन. पण मनातलं विचारत असाल, तर परत यायची भीती वाटते."

"भीती? कशाची?" कडेला बसलेल्या बाईंनी मान वर केली.

"तिथे माझी वाट बघणारं कुणी नसेल, याची."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

निवड झाल्याचं कळलं, पण शुक्रवारपर्यंत दुसऱ्या जामीनदाराची सही झाली नाही तर ती रद्द होणार होती. ठकी पुलावर कामाला गेली, पण तिने यंत्र पिशवीतून काढलंच नाही. वारा मला पार पिळून काढत होता. अचानक तिने फोन काढला आणि या वेळी आत्याला मधे न घालता सरळ अण्णांना लावला.

पलीकडे बसचं इंजिन घरघरत होतं. मग ते बंद झालं.

"बोल."

"अण्णा, सहीसाठी नाही केला फोन. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, परत येणार का. मला सांगता आलं नाही, कारण मलाच तुम्हाला काही विचारायचं होतं. परत आले, तर कुठे येऊ?"

"म्हणजे?"

"घरी येऊ का?"

पलीकडे कुणीतरी ओरडलं, "अहो, गाडी काढा, टाइम झाला!" अण्णांनी त्याला उत्तर दिलं नाही. माझ्या आत तिचा श्वास अडकला होता.

"खुळी आहेस का?" अण्णांचा आवाज बसला होता. "घरी यायला काय परवानगी काढतात?" मग जरा थांबून म्हणाले, "तिकडे थंडी फार म्हणे. अंगात काय घालतेस?"

"कोट आहे."

"जाड आहे का?"

"जाड आहे. कुणाचा तरी जुना आहे, पण चांगला आहे."

"बरं." आणि फोन बंद.

सहीचं एक अक्षरही निघालं नाही. ठकीनेही पुन्हा विचारलं नाही. शुक्रवार उजाडला. ती सकाळपासून प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून होती, मला गळ्यापर्यंत ओढून. दर वेळी दार वाजलं की दचकत होती. शेवटी आत्याचा फोन आला.

"अगं, गेला! रजा टाकून गेला! कचेरीतला साहेब म्हणाला, 'काका, समजलं ना? मुलगी आली नाही तर सगळा भार तुमच्यावर.' तर म्हणतो कसा, 'माझी मुलगी आहे. तिचा भार पहिल्यापासून माझ्यावरच आहे. सही कुठे करायची ते दाखवा.'"

ठकीने माझ्या बाहीत तोंड खुपसलं. लोकर भिजली की किती जड होते, ते मला त्या दिवशी कळलं.

मदत मिळाली. अण्णांशी बोलणं काही एकदम सुरळीत झालं नाही. आधी नुसती हवापाण्याची चौकशी चालायची, पुढे कधीतरी भांडणंही होऊ लागली. भांडण झालं की ठकी खूश दिसायची.

आता तिचा प्रबंध पूर्ण झालाय आणि ती घरी निघालीय. मी पलंगावरच्या उघड्या बॅगेत पडलोय. वजन जास्त होतंय म्हणून तिने मला बाहेर काढलं, मग पुन्हा आत कोंबलं, पुन्हा बाहेर काढलं. तिचं काही ठरत नाहीये.

ठके, मला ठेवून जा गं. तुमच्याकडे उन्हात मी काय करू? डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत घालशील आणि विसरशील. इथे हिवाळा तोंडावर आलाय. कुणीतरी नवीन मुलगी कुठूनतरी येईल, पातळ स्वेटरमध्ये कुडकुडत. मला तिच्या कामी येऊ दे.

फक्त निघायच्या आधी एकदा, एकदाच, मला अंगात घाल.