उंदराच्या मेंदूतल्या वाटा

घोडेगावच्या बाजारातून कांदा भरून नगरला निघालेले माझे अब्बा, गनीभाई टेम्पोवाले, थेट शनिशिंगणापूरला पोचले. तेलाच्या दुकानांपुढे कांद्याच्या गोण्या घेऊन उभे, आणि आपण इथे कसे आलो तेच त्यांना कळेना. या रस्त्यावर जन्म गेला त्यांचा. दुकानदाराचा फोन आला तशी मी धावले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे, गाडी बंद करा. अब्बा ऐकतील तर शपथ. मी ध्यान दिलं न्हाई, माझंच चुकलं, असं म्हणत स्वतःला शिव्या घालायचे आणि पुन्हा टेम्पो काढायचे. मला टेम्पो त्यांनीच शिकवला, पण त्यांच्याकडे स्टेअरिंग मागायची माझी टाप नव्हती. कुणी चाकाखाली आल्यावर शहाणपण सुचून काय उपयोग?

माझं काम उंदरांच्या मेंदूचं. केसाहून पातळ काप करायचे, रंगवायचे आणि आठवणी सांभाळणारा भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याचा कापागणिक नकाशा काढायचा. सावेडीतल्या शेजाऱ्यांना अब्बा सांगायचे, आमची सबिहा उंदरं कापते.

शेवटी एकदा हट्टाने त्यांना प्रयोगशाळेत नेलं. टेम्पो अर्थात त्यांनीच चालवला, मी शेजारी जीव मुठीत धरून. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. जांभळ्या पेशींच्या दोन बाकदार ओळी, दोन्ही हातांची बोटं वळवून एकमेकांत अडकवावीत तशा. मी रोज बघते आणि रोज थक्क होते. म्हटलं, उंदीर बिळाची वाट इथं ठेवतो. माणसातही असाच भाग असतो. तुमचा झिजत चाललाय, अब्बा.

मला वाटलं, आता चिडणार.

"येवढुशात?" ते हळूच म्हणाले. "घोडेगाव, जामखेड, खर्डा, समदे रस्ते येवढुशात मावले हुते?"

मी हो म्हटलं.

"मंग एकदा चुकलं तर काय नवल हाय, बेटा. इतकी वर्सं चुकलं न्हाई, तेच लई झालं."

माझे डोळे भरून आले. अब्बांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं, मग माझ्यामागून जिना उतरले. खाली त्यांनी टेम्पोची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दुसऱ्या बाजूने चढून बसले.