सुनेच्या नावाची नळी

आपल्याकडे बाईला कमरेखालचं दुखणं होतच नाही. डोकं दुखतं, गुडघे धरतात, दाढ ठणकते, ते सगळं चारचौघांत सांगता येतं. पण त्याखाली काही झालं की ते दुखणं राहत नाही, ते 'बाहेरचं' होतं. मग त्याला डॉक्टर लागत नाही, भगत लागतो. जानेफळच्या मनकर्णाबाईंच्या घरी असंच झालं होतं. आपल्या घरी असं कधी झालंच नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे.

मनकर्णाबाईंची थोरली जाऊ रुखमाबाई. नवरा आधीच गेलेला. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागलं. घराने ठरवलं, हिला कुणीतरी धरलंय. भगत आला, लिंबं कापली गेली, अंगारा लागला. पुढे वास येऊ लागला तसं तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि तिचं ताट वेगळं केलं. ते ताट उंबऱ्याशी ठेवून आत ढकलायचं काम मनकर्णाबाईंचं. रुखमा आतून म्हणायची, "मनकर्णे, जराशी बस ना वं माह्यापाशी." मनकर्णाबाई कधी बसल्या नाहीत. एका सकाळी आदल्या दिवशीचं ताट तसंच पडलेलं दिसलं.

रुखमा गेली, पण त्या घरातून काही गेली नाही. दुपारी सगळे वावरात गेले की मागच्या खोलीतून ताट फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. मनकर्णाबाई उठून पाहायच्या. आत सोयाबीनची पोती, दुसरं काही नाही. देवापुढे बसल्या तरी त्यांचे कान मागेच असायचे. म्हणूनच पाळी केव्हाच गेलेली असताना पोळ्याच्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या लुगड्याला रक्ताचा डाग दिसला, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. आली, असं त्या मनाशी म्हणाल्या. रुखमा मला न्यायला आली. घरात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत काय आहे, हे मात्र त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अशात गावात समता सिस्टर आल्या. एका संशोधन संस्थेला गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करायचा होता. तो कुठल्या गावांत जास्त, कुठल्या बायांना होतो आणि का. पण त्याआधी एक साधा प्रश्न सोडवणं भाग होतं. तपासणीसाठी बाईचा नमुना घ्यायचा कसा? दवाखान्यात टेबलावर झोपायला बाया तयार नव्हत्या. म्हणून सिस्टर घरोघर एक बारीक ब्रश आणि झाकणाची नळी देत होत्या. बाईने घरी, दार लावून, स्वतःच्या हाताने एक नमुना घ्यायचा. दुसरा दवाखान्यात सिस्टर घेणार. दोन्ही जुळले, तर घरची पद्धत भरवशाची ठरणार होती.

"मावशी, तुमचंही नाव घालू?" सिस्टरांनी विचारलं.

"मले काय धाड भरली? सुनेचं घाला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सून जयमाला तिशी ओलांडलेली. दोनदा दिवस जाऊन टिकले नव्हते. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या आणि मनकर्णाबाईंनी तिच्या हातातली नळी काढून घेतली.

"आत काही घालू नको पोरी. दोनदा ओटी रिकामी झाली तुयी. आण इकडे."

"आत्याबाई, नळी रिकामी कशी देऊ?"

"मीच भरीन. बाईचं बाईलेच. त्यात काय फरक पडते?"

आणि त्यांनी खरंच भरली. त्यांना त्यात भीती वाटली नाही, कारण आपल्याला झालीय ती बाधा, आणि बाधा काही मशीनला दिसत नाही, असा त्यांचा पक्का हिशेब होता. नळीवर जयमालाचं नाव होतं.

जयमाला मात्र दुसऱ्या नमुन्यासाठी दवाखान्यात गेली. दिवस का टिकत नाहीत, हे तिला एकदा कुणाला तरी विचारायचंच होतं.

निकाल आले तेव्हा सिस्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. "जयमाला, घाबरू नको. घरच्या नळीत हा कॅन्सर करू शकणारा एक विषाणू निघालाय. विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, पण पुढे तपासावं लागतं. दवाखान्यातल्या नमुन्यात मात्र तो नाही. असं होऊ नये. घरची नळी तूच भरली होती ना?"

जयमालाच्या लक्षात आलं, विषाणू कुणाच्या अंगात आहे ते. त्या घरातल्या मागच्या खोलीची गोष्ट तिने लग्न झाल्यापासून ऐकली होती. आत्याबाईंचं नाव घेतलं तर त्या खोलीत कोण जाईल, हेही तिला कळत होतं. ती म्हणाली, "हाव. मीच भरली."

परतताना गोपालने, तिच्या नवऱ्याने, विचारलं तेव्हा नळीत काहीतरी निघालं एवढंच ती बोलली. तेवढं पुरलं. संध्याकाळी सासरे वामनराव ओसरीवर आले. वामनराव वाईट माणूस नव्हे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. वाईट माणसाशी भांडता येतं.

"काही दिवस सुनेची भांडी वेगळी ठेवा," ते शांतपणे म्हणाले. "मागची खोली झाडून घ्या. भगताले मी निरोप धाडतो."

गोपाल खाली मान घालून बसला. जयमालाने अंथरूण उचललं. जाताना तिने सासूकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मनकर्णाबाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई ताट घेऊन त्या उंबऱ्याशी आल्या. आत अंधारात पोत्यांना टेकून कुणीतरी बसलं होतं. गुडघ्यांत मान, पदर डोक्यावर. क्षणभर त्यांना कळेना, आत कोण आहे. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत ढकललं.

ताट फरशीवर घासलं. तोच आवाज.

इतकी वर्षं ज्या आवाजाने त्या दचकत होत्या, तो रुखमाने कधी केलाच नव्हता. तो त्यांच्याच हाताचा होता.

"आत्याबाई, तिथूनच जा," आतून जयमाला म्हणाली. "मामाजी रागावतीन."

अंगणात समता सिस्टर आल्या होत्या. गोपाल आणि वामनरावांना त्या सांगत होत्या, "आणखी काही घरांतलेही नमुने जुळत नाहीत. आमचे डॉक्टर म्हणतात, बायांना घरी नमुना घेणं जमत नाही, ही पद्धत बंद करू. मग ज्या बाया लाजेपायी दवाखान्यात येत नाहीत, त्यांचं काय? मला जयमालाशी पुन्हा बोलायचंय."

मनकर्णाबाईंनी उंबरा ओलांडला. सुनेच्या शेजारी पोत्यावर बसल्या, तिचा हात धरला, आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "सिस्टर, ते नळी माही हाय. नाव तिचं, रोग माहा."

वामनराव दारात आले. "काय बोलून राह्यली तू?"

"पोळ्यापासून रक्त जाते मले. रुखमाबाईले जात होतं तसंच. पोरीनं माह्यासाठी हे अंगावर घेतलं."

वामनरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे वैनीनं तुलेबी धरलं."

"मामा, रुखमाबाईंचं मी गावात ऐकलंय. त्यांनी कुणाला धरलेलं नाही," समता सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द मोजून टाकला. "त्यांना रोगाने धरलं होतं, आणि तुम्ही रोग सोडून त्यांनाच कोंडलं. भूत असतं तर नळीत दिसलं नसतं. हा दिसला. दिसतो त्यावर इलाज असतो. हा रोग ताटाने पसरत नाही, जवळ बसल्याने पसरत नाही. पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा असतो, आणि मावशींनी पोळ्यापासून दिवस घालवलेत. आता भगताला निरोप धाडायचा, की गाडी काढायची, ते तुम्ही ठरवा."

मग वामनरावांनी अगदी हळू विचारलं, "तवा नेलं असतं, तर वैनी वाचली असती काय?"

"ते मला सांगता येणार नाही. पण न्यायला पाहिजे होतं."

मनकर्णाबाई रडू लागल्या, जावेसाठी, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. "ती नुसतं बस म्हणे वं," त्या जयमालाला सांगत राहिल्या. "मले तेवढंबी झालं नाही."

गोपालने गाडी आणली.

रोग होता. पण हाताबाहेर गेला नव्हता. उपचार लांबले, अंगात त्राण उरलं नाही, खामगावच्या नातेवाइकांकडून उसने पैसे घ्यावे लागले, पण बाई उभी राहिली. इकडे समता सिस्टर न जुळलेल्या प्रत्येक घरी गेल्या. एकीने शेजारणीचा नमुना दिला होता, एकीने ब्रश नुसता पाण्यात बुडवला होता. पद्धत खोटी नव्हती, आपली लाज खोटी होती. घरची तपासणी बंद झाली नाही. आता नळी देण्याआधी सिस्टर बायांना एकत्र बसवतात आणि मनकर्णाबाई आपलं सगळं, नळीच्या लबाडीसकट, सांगतात.

पुरुषांना सांगणारं कुणी नव्हतं. एके दिवशी चौकातल्या हॉटेलात कुणीतरी वामनरावांना विचारलं, "घरी काय दुखणं हाय म्हणे?"

"कॅन्सर. गर्भाशयाच्या तोंडाचा," वामनराव म्हणाले. कप हातात तसेच राहिले. शेजारच्याने त्यांचा हात दाबला, "हळू बोला ना भाऊ, लोक आहेत."

"हळू बोलून बोलूनच तर वैनीले मारलं आम्ही," वामनराव म्हणाले, आणि ते नाव त्यांनी पुन्हा एकदा, अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं घेतलं.

बंधुभगिनींनो, संशोधनाला खरा नमुना लागतो आणि घराला खरा शब्द. तो वेळेवर उच्चारा. मेलेली माणसं आपल्याला छळायला परत येत नाहीत. जिवंतपणी आपण त्यांना काय केलं, तेच येतं.