खिळामेजर आणि तीन पायऱ्या

खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून घ्यावं लागे. सगळे त्यांना खिळामेजरच म्हणत. युद्धात डोंगरावरची चौकी त्यांनी चार दिवस एकट्याने धरून ठेवली, छातीला पदक लागलं, आणि तेव्हापासून या माणसाला मागे पाऊल टाकायची सोयच उरली नाही. फोटोवाला एकदा म्हणाला, "साहेब, जरा मागे सरका," तर लोकांनी फोटोवाल्यालाच मागे रेटलं, तो कॅमेऱ्यासकट हौदात. मेजरांच्या गाडीचा रिव्हर्स गिअर न वापरून वापरून गळून पडला. खोटं वाटत असेल तर मेकॅनिकला विचारा, त्याने तो पेपरवेट म्हणून ठेवलाय.

असे हे मेजर एका सकाळी जिन्यात अडकले.

लेक बाळंतपणाला आली होती. बाळाच्या कपड्यांसाठी नवं सागवानी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. वरून सुतार ओढत होता, खालून मेजर खांदा देत होते. शेवटच्या वळणावर कपाट बसलं ते बाटलीत बूच बसावं तसं. उजेड गेला, वारा गेला. कपाटाची कड मेजरांच्या छातीवर, कठडा बरगडीत.

"साहेब, तीन पायऱ्या खाली उतरा," सुतार वरून ओरडला. "तिरकं केल्याशिवाय सुटायचं नाही."

पण पायऱ्या रिकाम्या होत्या कुठे? खाली शेजारी जमले होते. न्हावी, त्याच्यामागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक, आणि सगळ्यांत पुढे निवृत्त मास्तर, दोन्ही हात मेजरांच्या पाठीला लावून.

"रेटा!" मास्तर म्हणाले. "ज्यांनी शत्रू अडवला, त्यांना कपाट काय अडवतंय!"

तेवढ्यात वरून बायकोचा आवाज आला. "अहो, पोरीला कळा सुरू झाल्या! वाट मोकळी करा!"

"बाबा..." लेक कण्हली.

"मागे सरा," मेजर म्हणाले.

न्हावी खो खो हसला. "ऐकलंत का मास्तर? मेजरसाहेब, आणि मागे!"

"परीक्षा बघतायत आपली. रेटा!"

कपाट आणखी बोटभर रुतलं. मेजरांना श्वास पुरेना. हा अंधार त्यांच्या ओळखीचा होता. असंच लाकूड, असाच स्वतःच्या घामाचा वास. वर लेक पुन्हा ओरडली.

"अरे, मी पळणार होतो!"

खालचा रेटा थांबला.

"पहिल्याच गोळ्याला पळणार होतो. बाकीचे पाणी आणायला खाली गेलेले, मी दाराकडे धावलो, तर दरड कोसळून दार बाहेरून गाडलेलं. चार दिवस त्या दाराला खांदा दिला. खांदा दुखला की खिडकीतून गोळ्या झाडायचो. दार हललं नाही, म्हणून मी हललो नाही. आता सरा रे बाबांनो. पोर अडकलीय माझी."

पाठीवरचे मास्तरांचे हात आधी सुटले. मग चपला फरफटत खाली गेल्या.

मेजरांनी पाय मागे नेला. पायाला पायरी सापडेना. इतक्या वर्षांत त्याची सवयच मोडली होती. एक. दोन. तिसऱ्या पायरीला कपाट भिंतीचा गिलावा घेऊन करकरत सुटलं. सगळ्यांनी ते खालच्या मजल्यावर आडवं घातलं.

लेकीला धरून बायको उतरली. नवऱ्यापाशी क्षणभर थांबली.

"मला माहीत होतं. रोज झोपेत भिंतीला खांदा देता. सकाळी पलंग हातभर सरकलेला असतो, तो कोण जागेवर लावतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. चला, गाडी काढा."

गाडी! कपाटाच्या टेम्पोला जागा द्यायला मेजरांनीच ती सकाळी नाक भिंतीला लावून उभी केली होती. मेजर स्टिअरिंगवर बसले, मायलेकी मागे. पुढे उरलेल्या हातभर फटीत न्हावी, मास्तर आणि अर्धी दाढी घुसले.

"पण मग त्या पदकाचं काय?" मास्तर पुटपुटले.

"आधी ढकला हो मास्तर!" न्हावी ओरडला.

मेजरांनी खिडकीतून मान बाहेर काढली, मागे वळून पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हुकूम सोडला,

"मागे! अजून मागे! येऊ द्या!"