दगडातली बाई

"बिस्मिल्ला," मी म्हटलं आणि उंच दगडावर पाय ठेवला. मागून आगालीनं तेवढाच पाय उचलला. पुढं सपाट लागलं तेव्हा मी "अलहमदुलिल्ला" म्हटलं, आणि त्याची पावलं सैल पडली.

मागून येणाऱ्या चार पाहुण्यांना वाटत होतं, बाई फार देवभोळी आहे. गाढवं हाकणारा ओत्मानही तेच समजत होता. खरं एवढंच होतं, की वाटाड्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिसत नव्हतं.

उजेड आणि सावली, इतकंच त्याला उरलं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही म्हणाले. ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. आमच्यात पुरुष डोक्यातोंडाला कापड गुंडाळतात. आगालीनं ते कपाळावरून आणखी खाली ओढलं, झालं. पस्तीस वर्षं त्यानं माणसांना वाळवंटातल्या या पठारावर आणून दगडांवरची जुनी चित्रं दाखवली होती. वाट त्याच्या पायांना पाठ होती, पण मागच्या पुरानं घळीतले दगड हलले होते.

मध्ये कित्येक वर्षं पाहुणेच नव्हते. आता आले, तेव्हा मी जाऊ नकोस म्हणून विनवलं. तो शांतपणे म्हणाला, "ज्या दिवशी वाट दाखवायची सुटेल ना केल्ला, त्या दिवशी मी उठेन आणि वाळूत चालायला लागेन. मला शोधू नका."

नवरा व्हायच्या आधीपासून आगाली माझा मामेभाऊ, लहानपणापासून बघतेय त्याला. बोलतो ते करतो. म्हणून या खेपेला स्वयंपाक मी करीन, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. खोटं न बोलण्याची शपथ मी आईच्या उशाशी बसून घेतली होती, ती गेली त्या दिवशी. सोमवार-गुरुवारचा रोजा आणि रोजचा हजार मण्यांचा जप, हे नेमही तेव्हापासूनचे. त्याच जपाची मी आता दोरी केली होती आणि नवऱ्याला तिच्या टोकाला बांधलं होतं. देवाच्या नावाचा असा उपयोग करावा का, हे पावलोपावली मनात येई. माफी मागत मी चढत होते.

"आगाली, बायकोचा पदर सोडेनास की," ओत्मान मागून ओरडला. "नवा नवरदेवसुद्धा लाजेल."

"तुझी तर रोज माहेरी पळते, म्हणून जळतोस," आगालीनं मागं न बघता सुनावलं, आणि सगळे हसले.

गुरुवार होता, रोजा होता. दुपारी माझा घसा इतका सुकला, की एका पायरीला आवाजच फुटला नाही. आगालीचा पाय हुकला आणि तो गुडघ्यावर आपटला. "चप्पल नवी आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. मी रक्त पुसायला वाकले तेव्हा हळूच पुटपुटला, "पाणी पी ग. प्रवासात माफ असतं."

"तू धड खाली उतर, मग पिईन," मी म्हटलं.

पाहुण्यांत ओर्नेला नावाची वयस्क बाई होती. बावीस वर्षांपूर्वीही ती आगालीबरोबरच आली होती. एका कपारीपाशी त्यानं कातडी पिशवीतलं पाणी भिंतीवर मारलं आणि फिकट दगडातून एक बाई बाहेर आली, डोक्यावर शिंगं, अंगभर पांढरे ठिपके, हे ती सगळ्या वाटेत सांगत होती. तेव्हा सगळेच वाटाडे तसं करत. पाण्यानं रंग जागा होतो, हे आगालीला त्याच्या वडिलांनी शिकवलेलं. पुढं साहेब लोक आले आणि म्हणाले, दर शिंपडण्याबरोबर थोडा रंग वाहून जातो. बंदी झाली. आगालीनं त्याच दिवशी हात आवरला, आणि त्या कपारीकडं तो पुन्हा फिरकला नव्हता. ओर्नेला त्या चित्रातल्या बाईसाठीच आली होती, म्हणून आज निघाला.

वारा जिथं वळतो तिथून पावलं मोजत त्यानं कपार बरोबर गाठली. भिंतीसमोर उभा राहिला, काठी उचलली आणि पाहुण्यांच्या भाषेत सांगू लागला. इथं शिंगं. इथं खांदा. इथं पळताना मागं उडालेला पाय. काठी कुठंही चुकत नव्हती.

मी भिंतीकडं पाहिलं. शेळ्या राखायला येत होते तेव्हा मी त्या बाईला पाहिलं होतं. आता तिथं धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा डाग होता, आणि खाली पाण्याचे सुकलेले ओघळ. बाकी काही नाही.

कोणी बोलेना. याच जागी माणसांचा श्वास अडकतो, तो आवाज आगालीनं पस्तीस वर्षं ऐकला होता.

"केल्ला," तो आमच्या भाषेत म्हणाला, "ही माणसं गप्प का?"

मी त्याच्याजवळ सरकले.

"माझ्या डोळ्यांतून गेली, की दगडातून?" त्यानं काठी खाली घेतली. "डोळ्यांतून गेली असेल तर सांग. तेवढं मी सोसेन. पण अब्बांनी आणि मी मिळून तिला धुऊन टाकली असेल, तर..."

चार पावलांवर कडा होता. खालून गार वारा येत होता.

"तिथंच आहे," मी म्हटलं. "शिंगंसुद्धा. तुझे डोळे गेलेत, आगाली."

त्यानं श्वास सोडला आणि खाली बसला. मग कपाळावरचं कापड वर सारलं आणि पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, की मला दिसत नाही. विश्वासानं आलात, तुमच्यापासून लपवलं, माफ करा. ती समोर आहे, तुम्ही बघा.

ओत्मान गाढवाची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. ओर्नेलानं भिंतीकडं पाहिलं, ओघळांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिनं कॅमेरा उचलून त्या कोऱ्या दगडाचा फोटो काढला. आगालीला आवाज ऐकू जावा म्हणून दोनदा काढला.

उतरताना आगालीचा हात ओत्मानच्या खांद्यावर होता. माझा जप कोणाला लागला नाही.

शपथ मोडली म्हणून मी तीन रोजे धरले. त्यानं फिटलं का, अल्लालाच ठाऊक. आगालीला आता कोणी वाट विचारायला येत नाही. पहाटे जाग आली, की मी आधी दाराशी त्याच्या चपला चाचपते. अजून तरी त्या तिथं असतात.

दिवसभर तो अंगणात बसतो आणि बोटानं वाळूत शिंगं काढतो, खांदा, मागं उडालेला पाय. धूळ बसावी म्हणून सकाळी मी अंगणात पाणी मारते. काल मारता मारता हात थांबला. तेवढी जागा कोरडी ठेवून मी भोवतीनं पाणी शिंपडलं.